कॉर्न स्नेकचा मॉर्फ ओळखायचा? आधी वजाबाकी करा

शिकवणीला येणाऱ्या नववीतल्या एका मुलाने परवा रात्री साडेदहाला फोटो पाठवला. पिवळ्या बल्बखाली, फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर वेटोळं घालून बसलेलं गुलाबीसर पिल्लू. खाली एकच ओळ: "काकू, हा स्नोच ना? स्नो म्हणून घेतलाय." मी लिहिलं, "उद्या सकाळी डब्यासकट घेऊन ये. आणि आज त्याला खायला घालू नकोस."

मी बडोद्याला दांडिया बाजारात गणिताच्या शिकवण्या घेते. घरात दोन कॉर्न स्नेक आहेत, सात वर्षं झाली. कॉर्न स्नेक हा लोक हौसेने पाळतात तो अमेरिकी साप. त्याच्या रंगाच्या किंवा नक्षीच्या वंशागत प्रकाराला मॉर्फ म्हणतात, आणि स्नो हा त्यातलाच एक. ही बातमी गल्लीत कधीच फुटली आहे, त्यामुळे ओळखीत कोणी नवा साप घेतला की त्याचा फोटो फिरत फिरत माझ्याकडे येतो. दर वेळी तेच ते बोलून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

नवखा माणूस विचारतो, "हा कोणत्या रंगाचा आहे?" तिथेच गाडी चुकते. पांढरट साप पाच प्रकारचे असू शकतात, करडे तर त्याहून जास्त. विचारायचं असतं ते हे, की मूळ सापातून काय वजा झालं आहे? काळा गेला का? लाल गेला का? दोन्ही गेले का? रंग जागेवर आहेत आणि नुसती नक्षी बदलली आहे का? हे प्रश्न क्रमाने घेतले तर बहुतेक साप दहा मिनिटांत उलगडतात. जे उलगडत नाहीत त्यांच्यासाठी वर्षभर थांबावं लागतं. ते का, ते माझ्याच फजितीवरून पुढे सांगते.

सगळ्यात आधी: हा कॉर्न स्नेकच आहे ना?

हा प्रश्न दुकानातून आणलेल्या सापाबद्दल नाही, मोरीत निघालेल्या सापाबद्दल आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मगरींबरोबर सापही लोकांच्या घरांत आले, आणि मला एका दिवसात तीन फोटो आले: "कोणाचा तरी कॉर्न स्नेक सुटलाय वाटतं." दोन तस्कर होते. आपले गुजराती शेजारी त्याला रूपसुंदरी म्हणतात, आणि नाव शोभतंही. तपकिरी अंग, पुढच्या भागात पांढरट ठिपक्यांची नक्षी, मागच्या भागात दोन काळसर पट्टे. बिनविषारी. तिसरा फोटो विषारी घोणशीचा होता, गुजरातीत खडचितळो. जाडजूड अंग, त्रिकोणी डोकं, पाठीवर साखळीसारखे गोल डाग, आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. ज्याने फोटो काढला तो तिच्यापासून हातभरावर उभा होता.

तेव्हा नियम साधा ठेवा. डब्यातून, पावतीसकट, तुमच्या डोळ्यांदेखत आलेला नसेल तो साप कॉर्न स्नेक नाही असं धरून चाला. लांब राहा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. चावलाच तर १०८. मॉर्फबिर्फ नंतर.

कायद्याचंही एक वाक्य इथेच. आपले देशी साप घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, मग तो कितीही गरीब असो. कॉर्न स्नेक परदेशी आहे, पण परदेशी प्राणी बाहेरून आणायलाही परवाना लागतो. म्हणून विक्रेत्याकडून पावती घ्या, पिल्लू कुठे जन्मलं ते लिहून घ्या. हा कागद मॉर्फ ओळखायलाही कामाला येतो.

मूळ साप पाठ करा

वजाबाकी करायची तर आधी वरची संख्या माहीत पाहिजे. ती संख्या म्हणजे रानातला साधा कॉर्न स्नेक. बाजारात त्याला नॉर्मल किंवा क्लासिक म्हणतात. शास्त्रीय नाव पॅन्थेरोफिस गुटाटस. लिनिअसने १७६६ मध्ये त्याचं वर्णन केलं. घर अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंत. मोठा झाला की साधारण तीन ते पाच फूट.

अंगाचा रंग नारिंगी-तपकिरी. पाठीवर ओळीने मोठे तांबडे डाग. त्यांना सॅडल म्हणतात, म्हणजे खोगीर, कारण ते पाठीवर टाकल्यासारखे दिसतात. प्रत्येक सॅडलला काळा काठ. लुगड्याला असतो तसाच, अंगाचा रंग आणि सॅडलचा रंग यांच्यामध्ये ठसठशीत रेघ ओढलेली. डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण, टोक दोन्ही डोळ्यांच्या मधे. डोळ्याची बाहुली काळी. उलटा केलात तर पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी, बुद्धिबळाचा पट लांबट ताणल्यासारख्या. या चौकटी रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून "कॉर्न" हे नाव पडलं असं काही जण म्हणतात. मक्याच्या कोठारात उंदरांमागे यायचा म्हणून पडलं असं बाकीचे म्हणतात. मला कणीस जास्त पटतं.

या सापात रंगाचे तीन डबे आहेत असं समजा: काळा-तपकिरी, लाल-नारिंगी आणि पिवळा. काळ्याच्या डब्याचं नाव मेलॅनिन, आपल्या केसांत असतं तेच. पिवळा डबा उशिरा उघडतो, पिल्लू अंड्यातून निघाल्यावर बऱ्याच महिन्यांनी. हे वाक्य खुणेचं पान घालून ठेवा.

आणि नॉर्मलचं पिल्लू नॉर्मलसारखं दिसत नाही. ते मळकट करडं असतं, सॅडल काळपट तांबडे, मानेजवळ सॅडलच्या मधे नारिंगी झाक. मोठ्या सापाचा फोटो बघून घरी आणलेलं पिल्लू लोकांना फसवणूक वाटते. ती फसवणूक नसते, वय असतं.

उजेड

मंगलबाजारात जुन्या बायका ब्लाऊजपीस घेताना कापड दुकानाबाहेर आणून बघतात. ट्यूबलाइटखाली जुळलेला मोतिया रंग बाहेर पिवळा निघतो हे त्यांना ठाऊक असतं. सापाचं तसंच आहे. सकाळी आठ-नऊला खिडकीजवळ, सावलीत, पांढऱ्या कागदावर बघा. कडक उन्हात नको. बडोद्याचं मे महिन्यातलं ऊन माणसाला सोसत नाही, तर त्याला कुठून सोसेल.

फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका. कॅमेरा पांढरा कागद "सुधारतो" आणि त्याबरोबर सापही सुधारतो. फोटो काढायचाच तर शेजारी एक काळं बटण आणि एक पांढरं बटण ठेवा, म्हणजे रंग किती सरकला ते कळतं.

कात टाकायच्या आधी आठवडाभर साप निस्तेज होतो, डोळे दुधाळ निळसर होतात. तेव्हा मॉर्फ ओळखायला बसू नका. कात पडल्यावर दुसऱ्या दिवशी बघा, रंग तेव्हा सगळ्यांत खरा असतो. आणि खाल्ल्यानंतर निदान दोन दिवस हातात घेऊ नका, नाहीतर गिळलेलं सगळं बाहेर काढेल.

मुलगा सकाळी आठला आला. पिल्लू पारदर्शक डब्यात होतं. हे उत्तम, कारण पोट बघायला साप उलटा करायची गरजच नाही. डबा दोन्ही हातांनी वर उचला आणि खालून बघा.

पहिला प्रश्न: डोळा

सगळ्यांत आधी बाहुली बघा. इथे निम्मा निकाल लागतो.

बाहुली काळी असेल तर काळा डबा शाबूत आहे, किंवा थोडा कमी झाला आहे. बाहुली लाल-गुलाबी असेल, आतून दिवा लावल्यासारखी, तर काळा डबा रिकामा आहे. याला अमेलॅनिस्टिक म्हणतात, बोलताना अमेल. जुनी माणसं रेड अल्बिनो म्हणतात. १९५३ साली नॉर्थ कॅरोलिनात रानात असा एक साप सापडला, आणि पाळलेल्या अमेल सापांची गोष्ट तिथून सुरू होते. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्याचं कारण दाखवलं: ओसीए-२ नावाच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसला आहे, त्यामुळे मेलॅनिनचं काम अडतं. माणसांतल्या एका प्रकारच्या अल्बिनिझममध्येही हेच जनुक बिघडलेलं असतं.

डोळा धड काळा नाही, धड लाल नाही, डाळिंबी आहे, असंही होतं. तेव्हा दोन नावं मनात ठेवा. एक अल्ट्रामेल. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. अमेलच्याच जागी बसणारं त्या जनुकाचं अल्ट्रा नावाचं दुसरं रूप आहे; अल्ट्रामेलमध्ये एक प्रत त्याची आणि एक अमेलची. दुसरं लॅव्हेंडर, त्याच्याकडे पुढे येते.

मुलाच्या पिल्लाची बाहुली लाल होती. काळा गेला. इथवर त्याचं "स्नो" शक्य होतं.

दुसरा प्रश्न: काठ आणि सॅडल

मी त्याला विचारलं, "सॅडलचा रंग काय?" तो म्हणाला, "पांढरा." मी म्हटलं, "तो अंगाचा. सॅडलचा सांग." तेव्हा वाकून बघितलं. अंग जवळजवळ पांढरं, पण सॅडल नारिंगी. फिकट, पण नारिंगीच. रात्रीच्या पिवळ्या उजेडात सगळं एकात एक मिसळलं होतं.

म्हणजे लाल डबा भरलेला आहे. लाल आहे तर स्नो नाही. स्नोमध्ये काळा आणि लाल दोन्ही जावे लागतात. हा साधा अमेल, फक्त पांढऱ्या अंगाचा. असे निवडून निवडून वाढवलेले अमेल कॅंडी केन नावाने विकले जातात. मुलाचा चेहरा पडला. साप तोच, पण आता तो त्याला कमी वाटायला लागला. (वर्गात ऐंशी मार्क पडलेल्या मुलाला शेजाऱ्याचे पंच्याऐंशी कळले की हाच चेहरा होतो.)

काठ नीट वाचायची सवय लावून घ्या. काठ काळाभोर आणि रुंद असेल तर काळा डबा पूर्ण भरलेला. काठ पांढरा असेल आणि डोळा लाल, तर अमेल. काठ आहे पण बारीक, तपकिरी, पुसट, सगळा साप कसा उजळ नारिंगी दिसतो आणि डोळा मात्र काळा, तर हायपोमेलॅनिस्टिक, म्हणजे हायपो. काळा गेला नाही, कमी झाला. एकटा हायपो ओळखणं कठीण जातं. शेजारी त्याच वयाचा नॉर्मल ठेवून बघा, फरक लगेच दिसतो. शिवाय सनकिस्ड आणि लाव्हा अशी हायपोसारखाच परिणाम करणारी वेगळी जीन्सही आहेत. त्यामुळे आई-बाप माहीत नसतील तर "हायपोसारखा" एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं.

आता उलट बाजू. काठ काळा आहे, डोळा काळा आहे, पण साप पूर्ण करडा-काळा, लाल औषधालाही नाही. याचा अर्थ लाल डबा रिकामा. नाव अनेरिथ्रिस्टिक, बोलताना अनेरी. बडोद्यात हे नाव मोठ्याने घ्यायची सोय नाही. आमच्या समोरच्या गुजराती बिऱ्हाडातल्या मुलीचं नाव अनेरी आहे, आणि मी गॅलरीतून "अनेरीने कात टाकली" असं ओरडले की ती दचकते.

लाल गेला की एकच नाव उरतं असं समजू नका. करड्या पिल्लांचे निदान चार प्रकार आहेत: अनेरी, चारकोल, कॅरामेल, लॅव्हेंडर. लहानपणी चौघं सख्खी भावंडं दिसतात. इथेच मी फसले.

माझा कोळसा

पहिला साप मी घेतला तो चारकोल म्हणून. चारकोलमध्येही लाल जातो, पण पिवळाही जवळजवळ दिसत नाही. सगळा साप राखी, काठ मऊ, जुन्या फोटोसारखा. मूळ फ्लोरिडाच्या पाइन आयलंडवरचा. अनेरीपेक्षा त्याची किंमत जास्त सांगितली गेली, मी दिली, आणि नाव ठेवलं कोळसा.

दहाव्या महिन्यात एका सकाळी तो पाण्याच्या वाटीवर मान टेकवून बसला होता. खालून बघितलं तर हनुवटीच्या कडेला पिवळं. मला वाटलं काहीतरी लागलं आहे, ओल्या कापसाने पुसलं. निघेना. पुढची कात पडली तेव्हा ते पिवळं दोन्ही बाजूंनी गळ्यापर्यंत उतरलं होतं, हळदीचं बोट फिरवल्यासारखं. म्हणजे पिवळा डबा भरलेलाच होता, उघडायचा बाकी होता. हनुवटी आणि मानेवर पिवळा चढणारा करडा साप अनेरी असतो. चारकोलला तो चढत नाही, किंवा नावापुरता चढतो.

विक्रेत्याला फोन केला. त्याने "लाइटिंगमुळे वाटत असेल" असं सांगितलं. सात महिने भांडायची माझी तयारी होती, पण पावतीवर नुसतं "स्नेक, १ नग" असं लिहिलेलं होतं. माझी सही होती खाली.

तेव्हापासूनचा माझा नियम असा. करडं पिल्लू एक वर्षाचं होईपर्यंत त्याला नाव द्यायचं नाही. दर कातीनंतर तीन फोटो काढायचे: हनुवटी, मानेची बाजू, मधल्या अंगाची बाजू. तीच खिडकी, तीच वेळ, तीच बटणं. मग ओळीने लावून बघायचे. पिवळा हनुवटीवर आणि मानेवर आला, बाकी अंग करडंच राहिलं, तर अनेरी. पिवळा सगळ्या अंगभर, बाजूंवर पसरायला लागला आणि सॅडल तपकिरी-सोनेरी झाले, तर कॅरामेल. करडेपणा वितळत जाऊन अंग जांभळट-गुलाबी राखी झालं, डोळ्यात उजेड पडल्यावर डाळिंबी चमक दिसली, तर लॅव्हेंडर. काहीच झालं नाही, राख ती राखच राहिली, तर चारकोलची शक्यता धरा. लॅव्हेंडरचं मूळही सापडलं आहे. २०२० मध्ये जिनिव्हाच्याच गटाने ते एलवायएसटी नावाच्या जनुकातल्या बदलाशी जोडलं.

तिसरा प्रश्न: पोट

आता डबा उचलून खालून बघा. पोटावर चौकटी असतील तर खालचा कोऱ्या पोटाचा परिच्छेद सोडून पुढे जा. अमेलमध्ये चौकटी असतातच, पण काळ्याऐवजी नारिंगी-पांढऱ्या, त्यामुळे नवख्याला "नाहीत" असं वाटतं. उजेडात नीट बघा.

चौकटी खरंच नाहीत, पोट कोरं आहे, तर रंग विसरा आणि पाठीकडे वळा. कोऱ्या पोटाची तीन मुख्य कारणं आहेत. मॉटली असेल तर सॅडल कडेने एकमेकांत जोडलेले असतात आणि मधे अंगाच्या रंगाच्या गोल खिडक्या उरतात, जिन्याच्या जुन्या जाळीसारख्या. स्ट्राइप असेल तर सॅडल नसतातच, मानेपासून शेपटीकडे लांब रेघा पळतात. मॉटली आणि स्ट्राइप एकाच जीनची दोन रूपं आहेत, म्हणून दोघांच्या मधले, अर्धी रेघ अर्ध्या खिडक्या असे, सापही दिसतात. तिसरं डिफ्यूज्ड. यात सॅडल पाठीवर असतात पण बाजूंची नक्षी ओल्या कागदावरच्या शाईसारखी पसरते, आणि वयाबरोबर सॅडलही अंगात विरत जातात. लाल डिफ्यूज्ड निवडून वाढवले की जे लालबुंद साप होतात त्यांना ब्लडरेड म्हणतात.

पाठीवर मधोमध बारीक सरळ रेघ, बाजूंना तुटक-तुटक फरशीची नक्षी, आणि पोटावर चौकटी आहेत? तो स्ट्राइप नव्हे, टेसेरा. नवखे या दोघांत नेहमी गोंधळतात. पोट बघितलं की वाद मिटतो. टेसेराची आणखी एक गंमत पुढे येईल.

खवलेच नसलेला साप दिसला तर तो स्केललेस, त्याला ओळखायला कोणी लागत नाही.

दुहेरी वजाबाकी

आता दोन उत्तरं जोडायची. डोळ्याने सांगितलं काळा गेला, सॅडलने सांगितलं लालही गेला: अमेल अधिक अनेरी, म्हणजे स्नो. पिल्लू असताना गुलाबी-पांढरं, सॅडल जेमतेम दिसणारे. मोठेपणी मानेवर पिवळा चढतो, कोळशाला चढला तसाच. अमेल अधिक चारकोल म्हणजे ब्लिझार्ड, तो शेवटपर्यंत पांढरा. म्हणजे लहान स्नो आणि लहान ब्लिझार्ड वेगळे करायचा मार्ग पुन्हा तोच: हनुवटी बघत थांबा.

अमेल अधिक कॅरामेल बटर, तो खरंच लोण्यासारखा पिवळा होतो. अमेल अधिक लॅव्हेंडर ओपल. हायपो अधिक अनेरी घोस्ट, हायपो अधिक कॅरामेल अंबर. चारकोल अधिक डिफ्यूज्ड प्यूटर, अनेरी अधिक डिफ्यूज्ड ग्रॅनाइट. नावं पाठ करत बसू नका. डबे मोजा, नाव शेवटी चिकटवा. तीन-चार जीन्स एकत्र असलेले सापही विकले जातात. तिथे नुसत्या नजरेने छातीठोकपणे सांगणारा माणूस एक तर फार मुरलेला असतो, नाहीतर विकायला बसलेला.

जी नावं मॉर्फ वाटतात पण नसतात

ओकीटी. साउथ कॅरोलिनातल्या जॅस्पर काउंटीत ओकीटी नावाचा शिकारी क्लब आहे, त्या भागातले साप भडक लाल आणि रुंद काळ्या काठाचे असतात. हे गावाचं नाव आहे, जीनचं नाही. आता कुठेही जन्मलेला रुंद काठाचा साप ओकीटी म्हणून खपतो. खंडेराव मार्केटात एप्रिलमध्ये आंब्याची प्रत्येक पेटी रत्नागिरीची असते, त्यातलाच प्रकार. रिव्हर्स ओकीटी म्हणजे पांढरा काठ फार रुंद असलेला अमेल. सनग्लो म्हणजे पांढरं जवळजवळ नाहीच असा अमेल. मायामी म्हणजे करड्या अंगावर लाल सॅडल. ही सगळी निवडून वाढवलेली रूपं. दोन सनग्लोंची पिल्लं सगळी तितकीच नारिंगी निघतील याची खात्री कोणी देऊ नये.

हेट: जे दिसत नाही ते

पाटीवर "नॉर्मल हेट अमेल" असं लिहिलेलं असतं. अर्थ असा, की साप दिसायला नॉर्मल, पण आत अमेलची एक प्रत दडलेली. हे मॉर्फ बहुतेक दबके असतात, दोन प्रती मिळाल्याशिवाय दिसत नाहीत. एक प्रत म्हणजे हेट, आणि हेट डोळ्याने ओळखता येत नाही. भिंग लावा, काही करा. तो फक्त आई-बापांवरून किंवा पुढे होणाऱ्या पिल्लांवरून कळतो.

आता माझा प्रांत. दोन्ही आई-बाप हेट अमेल असतील तर सरासरी चार पिल्लांत एक अमेल, दोन हेट, एक कोरा नॉर्मल. अमेल बाजूला काढा, उरले तीन, सगळे दिसायला सारखे. त्यांतले दोन हेट. तीनात दोन, म्हणजे सहासष्ट टक्के. पाटीवरचं "६६% पॉसिबल हेट" ते हेच. याचा अर्थ "या सापात ६६ टक्के अमेल आहे" असा नाही, हे मी आठवड्यातून एकदा तरी कोणाला तरी समजावते. स्नोसाठी दोन जीन्स लागतात, म्हणून दोन्हींचे हेट असलेल्या जोडीला सोळांत एक स्नो. एका वेळी दहा ते तीस अंडी होतात, त्यामुळे एखाद्या खेपेला एकही निघत नाही.

टेसेराची गंमत ती हीच. तो दबका नाही, एक प्रत असली तरी दिसतो. म्हणून "हेट टेसेरा, पण दिसत नाही" असं कोणी म्हणालं तर पैसे खिशात ठेवून घरी या.

"पॉसिबल" शब्दाला ज्यादा पैसे देऊ नका. "१००% हेट" ला द्यायचे तर आई-बापांचे फोटो मागा, दोघांचे, पोटासकट.

डब्यावरची चिठ्ठी

ओळख पटली की डब्यावर चिठ्ठी लावा. तीन ओळी पुरतात: काय दिसतं आहे, विक्रेत्याने काय सांगितलं, आणि तारीख. दिसणारं आणि सांगितलेलं एका ओळीत लिहू नका, नाहीतर वर्षभराने कोणतं कुठलं ते तुम्हालाच आठवणार नाही. माझ्या दोन डब्यांवर आहे: "जिलबी. अमेल, मादी." आणि "कोळसा. अनेरी. (चारकोल म्हणून घेतला.)" आई म्हणते कंसातलं खोडून टाक, येणारा-जाणारा वाचतो. मी ठेवलं आहे.

मुलाने माझ्याच टेबलावर चिठ्ठी लिहिली. "अमेल. डोळे लाल, सॅडल नारिंगी, चौकटी आहेत. विक्रेता: स्नो." थोडा वेळ पेन चावून त्याने खाली जोडलं, "पांढरा आहे पण." मग डबा जपून पिशवीत ठेवला आणि वहीतली राहिलेली बीजगणिताची उदाहरणं सोडवायला बसला.